घोड्याचा साज : शोभा आणि सोय

जुन्नर आणि घोडा यांचे नाते जुने आहे. बहामनी राजवटीत, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी आपला घोडा घेऊन जुन्नरला आला होता. तेथील खानाने तो काढून घेतला व पुढे परत केला. याच प्रवाशाने राजधानी बिदर येथील सुलतानाच्या मिरवणुकीत सोन्याचा साज चढविलेले हजार घोडे पाहिल्याचे नमूद केले आहे.

ते वैभव लोपले, तरी साजाची हौस टिकून आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत लग्नाच्या वरातीत घोडा सजतो आणि बैलगाड्यापुढे घोडी पळविली जाते. धामणखेल व धामणी येथील खंडोबाचे वाहनही घोडाच होय.

साजातील बहुतेक वस्तू मुळात उपयोगासाठी निर्माण झाल्या. खोगिरातील भरतीमुळे स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंस विभागला जातो. कपाळावरचे गोंडे हलले की डोळ्यांवरच्या माश्या उडतात. घुंगुरमाळ वाटेवरच्या माणसांना सावध करते. झूल थंडीवाऱ्यापासून रक्षण करते. हा उपयोग विसरून केवळ झगमगाट वाढविला, की साजाचा जाच होतो.

घोड्याच्या अंगातील उष्णता मुख्यतः घाम वाळून बाहेर पडते. जाड मखमलीची किंवा कृत्रिम धाग्याची झूल भर उन्हात तासन् तास ठेवल्यास घाम वाळत नाही व जनावर तापते. जरीची खरखरीत बाजू कातडीला घासून, विशेषतः मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर, जखमा होतात. म्हणून झुलीला सुती अस्तर असावे. तंग आवळल्यावर त्याखाली दोन बोटे सहज जावीत. मिरवणूक थांबताच घोडा सावलीत न्यावा, त्याला पाणी द्यावे व साज उतरवून पाठ हाताने तपासावी. पळणाऱ्या घोडीवर शोभेचे ओझे असूच नये.

दि. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींसंबंधीचा महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा वैध ठरविला. परंतु या शर्यतींस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. तसेच प्राण्यांना विनाकारण वेदना देणे हा १९६० च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा आहे. परंपरेबरोबर जबाबदारीही आली आहे, ती अशी.

ग्रामपंचायतींनी यात्रेपूर्वी या गोष्टी घोडेवाल्यांना समजावून सांगाव्यात आणि शिक्षकांनी मुलांना साजातील प्रत्येक वस्तूचे प्रयोजन शोधावयास लावावे. साजाची खरी परीक्षा तो उतरविल्यावर होते. त्याखालची पाठ निर्व्रण असेल, तरच तो साज शोभला असे म्हणता येईल.