अनपेक्षितपणे व्यालेली सशाची मादी आणि पिल्लांचे संगोपन

परसात दोन-चार ससे पाळणाऱ्यांवर एक प्रसंग कधी ना कधी येतोच. 'दोन्ही माद्या' म्हणून बाजारातून आणलेल्या सशांपैकी एक नर निघतो किंवा विकत घेतलेली मादी आधीच गाभण असते. मग एके सकाळी पिंजऱ्याच्या जाळीवर केस नसलेली, डोळे मिटलेली सहा-आठ गुलाबी पिल्ले पडलेली दिसतात. पेटी नाही, गवत नाही, कसलीच तयारी नाही. अशा वेळी घरातील माणसे काळजीपोटी गाईचे दूध बोळ्याने पाजू लागतात आणि नेमका हाच उपाय पिल्लांच्या जिवावर बेततो. पहिल्या दिवशी पिल्लाला आधी ऊब हवी असते. दूध पाजण्याचे काम आईचे आहे.

मादी नकळत गाभण कशी राहते?

सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज नसतो. नराशी संयोग झाल्यानंतर सुमारे १० तासांनी स्त्रीबीज सुटते. संयोग काही सेकंदांतच उरकतो, त्यामुळे तो आपल्या नजरेला पडत नाही. गर्भकाळ सरासरी ३१ दिवसांचा असतो. मादी तोंडात गवत धरून फिरू लागली, पोटाचे केस उपटू लागली, की विण्याची वेळ जवळ आली असे समजावे. खोट्या गाभणपणातही हीच लक्षणे दिसतात. तरीसुद्धा पिंजऱ्यात पेटी ठेवावी, त्यात नुकसान काहीच नाही.

पहिल्या तासाभरात करावयाची कामे

१) पिंजऱ्यात नर असल्यास त्याला लगेच वेगळा करावा. व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते.

२) सुमारे ५० से.मी. लांब, ३० से.मी. रुंद व ३० से.मी. उंच लाकडी पेटी घ्यावी. आंब्याची जुनी पेटीही चालते, मात्र तिचे खिळे ठोकून घ्यावेत. मादीला आत-बाहेर करता यावे म्हणून एका बाजूची उंची १५ से.मी. ठेवावी. मूत्र निथळून जाण्यासाठी तळाला बारीक छिद्रे पाडावीत.

३) पेटीत कोरडे मऊ गवत किंवा भाताचा पेंढा भरून मध्ये खळगा करावा. मादीने उपटलेले केस गोळा करून त्यात घालावेत. दोरे व चिंध्या वापरू नयेत, त्या पिल्लांच्या पायात व मानेत अडकतात.

४) हात धुऊन, मादीच्या पिंजऱ्यातील गवतावर चोळून मगच पिल्ले उचलावीत. हात लागला की आई पिल्ले टाकून देते, हा समज पाळीव सशांच्या बाबतीत बहुधा खरा ठरत नाही. मेलेली पिल्ले व वार काढून टाकावेत.

५) थंडगार पडलेले पिल्लू मेले असे लगेच समजू नये. ते ओंजळीत किंवा कपड्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवावे. हालचाल करू लागल्यावर इतर पिल्लांत सोडावे. गार पिल्लाला दूध कधीही पाजू नये.

यानंतर मादीला भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. तहान व गोंगाट यांमुळे नवखी मादी स्वतःची पिल्ले खाण्याची शक्यता असते. बघ्यांची गर्दी होऊ देऊ नये. कुत्र्या-मांजरांना लांब ठेवावे.

आई जवळ बसत नाही, म्हणून घाबरू नये

कोंबडी पिल्लांवर बसते, शेळी करडांना दिवसातून अनेकदा पाजते. सशाची मादी मात्र दिवसातून बहुधा एकदाच, रात्री किंवा पहाटे पेटीत जाते आणि तीन ते पाच मिनिटांत पाजून बाहेर येते. उरलेला दिवस ती पिल्लांकडे फिरकत नाही. तिच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून एवढे पाजणे पुरते.

पिल्लांना दूध मिळाले की नाही, हे रोज सकाळी पोट पाहून ठरवावे. पोट गोल, तटतटीत असेल व पातळ कातडीतून पांढरे दूध दिसत असेल तर चिंता नको. पोट खपाटीला गेलेले व कातडी सुरकुतलेली असेल तर पिल्लू उपाशी आहे. अशा वेळी सकाळी मादीला हलक्या हाताने पेटीत पिल्लांवर पाच-दहा मिनिटे धरून ठेवावे. सड गरम, कठीण किंवा लाल झाले असल्यास दगडीचा संशय घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे. दुसरी मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्यालेली असेल तर जास्तीची पिल्ले तिच्याकडे द्यावीत.

उन्हाळ्यात पेटी तापली की पिल्ले एकमेकांपासून दूर पसरतात. तसे दिसल्यास वरचे केस व गवत थोडे कमी करावे. थंडीत ती एकत्र गोळा होतात. मुंग्या लागू नयेत म्हणून पिंजऱ्याचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावेत.

मादीचा आहार

पहिले दोन दिवस नेहमीचाच चारा द्यावा. नंतर खुराक हळूहळू वाढवावा. सोबत सुकवलेली लसूणघास व कोरडे गवत असावे. आहारात एकदम बदल करू नये. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घालू नये.

पिल्लांची वाढ

जन्मतः पिल्लाचे वजन साधारण ४० ते ६० ग्रॅम असते. आठवडाभरात ते दुपटीच्या घरात जाते व अंगावर लव दिसते. डोळे १० ते १२ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले पेटीबाहेर येऊन चारा कुरतडू लागतात. त्यांना कोवळे सुके गवत व थोडा खुराक द्यावा, हिरवा पाला बेताचाच द्यावा. पाचव्या ते सहाव्या आठवड्यात आईपासून तोडावीत. या काळात पोट फुगणे, पातळ हगवण व मरतुक दिसल्यास रक्ती हगवणीची शंका असते. जाळी कोरडी व स्वच्छ ठेवून लगेच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

पुढचे वेत तरी ठरवून घ्या

पिल्ले तोडताना प्रत्येकाचे लिंग तपासावे. जननेंद्रियाच्या भागावर हलका दाब दिल्यावर नराचे छिद्र गोल दिसते, मादीचे लांबट चिरेसारखे दिसते. शंका असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. तीन महिने पूर्ण होण्याआधी नर-मादी वेगळे करावेत. यात सख्खी भावंडेही आली. नर मादीजवळ होता तो शेवटचा दिवस वहीत लिहून त्यापुढे ३१ दिवस मोजावेत. २८ व्या दिवशी पेटी पिंजऱ्यात गेलेली असावी. एवढी नोंद ठेवली तर पुढची पिल्ले जाळीवर न पडता गवताच्या उबेत जन्मतील.