गोधडी : जुने कापड, नवे श्रम

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गोधडी नाही असे घर विरळाच. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या लहान गोधडीला दुपटे. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द याच वस्तूचा वाचक आहे. चिंध्या जोडून केलेली वस्त्रे अंगावर घेणाऱ्या संत गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ही म्हणत. अंथरूण आणि पांघरूण अशा दोन्ही उपयोगांची ही वस्तू घराघरांत असली, तरी तिच्यामागील कौशल्याची आणि श्रमांची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. ‘जुन्या लुगड्यांची तर गोधडी!’ असे म्हणून तिचे मोल ठरविण्याची रीत पडून गेली आहे. गोधडीत कापड जुने असते. श्रम मात्र नवे असतात. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे गोधडी शिवणाऱ्या स्त्रीचे नुकसान होते.

कापडाची निवड

सुती लुगडे अनेक वर्षे वापरून मऊ झाले की गोधडीस योग्य होते. वारंवार धुतल्याने त्यातील खळ निघून गेलेली असते, आटायचे तेवढे ते आटलेले असते आणि सुई त्यातून सहज जाते. नवे कापड वापरायचे झाल्यास ते आधी धुवून घ्यावे लागते. तसे न केल्यास पहिल्याच धुण्यात वरचा थर आटतो व गोधडीला चुण्या पडतात.

प्रथम कापडाचे शिवण व काठ उसवून विरलेला भाग वेगळा काढतात. कापड उजेडासमोर धरले की विरलेला भाग लगेच दिसतो. धड भाग वरच्या व खालच्या थरासाठी राखून ठेवला जातो. किंचित विरलेले कापड आतील थरांत जाते, कारण तेथे त्याला घर्षण सोसावे लागत नाही. अगदी लहान तुकड्यांचे चौकोन व त्रिकोण कापून ते वरच्या थरावर जोडतात. लुगड्याचे काठ गोधडीच्या चारही बाजूंना लावले की कडा लवकर फाटत नाहीत. या पद्धतीत कापडाचा तुकडाही वाया जात नाही.

गोधडी ऊब देते ती केवळ कापडाच्या जाडीमुळे नव्हे. थरांच्या मधे हवा अडकून राहते आणि ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच टाका फार ओढून घालू नये, असे जाणत्या स्त्रिया सांगतात.

जोडणी आणि टाके

सुगीची कामे आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या दिवसांत हे काम हाती घेतले जाते. स्वच्छ जमिनीवर खालचा थर ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर वजने ठेवतात, त्यावर आतील थर हाताने सपाट करीत पसरतात व शेवटी वरचा थर घालतात. मग लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र बांधून घेतात. ही पायरी घाईने उरकल्यास थर सरकतात आणि गोधडी एका अंगाला ओढली जाते.

त्यानंतर धावदोरा सुरू होतो. अनेक ठिकाणी कडेपासून आरंभ करून चौकटीच्या आत चौकट असे टाके मध्यापर्यंत नेतात. काही ठिकाणी सरळ समांतर ओळी घालतात. दोन ओळींतील अंतर सारखे राखण्यासाठी बोटाचेच माप पुरते. कागदावर आराखडा नसतो. हाताला सवय असते.

श्रमांचा हिशेब

एका गोधडीस किती श्रम लागतात, हे साध्या अंकगणिताने काढता येते. दीड मीटर रुंद व दोन मीटर लांब अशी गोधडी घेऊ. टाक्यांच्या ओळी एकेक सेंटिमीटर अंतरावर घातल्यास सुमारे १५० ओळी होतात व प्रत्येक ओळ दोन मीटरची असते. म्हणजे एकूण ३०० मीटर लांबीची शिवण हाताने घालावी लागते. सेंटिमीटरला एक टाका धरला, तर टाक्यांची संख्या ३०,००० होते. मिनिटाला दहा टाके या वेगाने ३,००० मिनिटे, अर्थात ५० तास लागतात. आठ तासांचा दिवस धरल्यास हे काम सहा दिवसांहून अधिक काळाचे आहे. धुणे, उसवणे, कापणे व तुकडे जोडणे यांचा वेळ मिळविल्यास आठ दिवस धरणे वावगे होणार नाही.

समजा, गावात दिवसाची मजुरी ३०० रुपये आहे. तर या गोधडीची केवळ मजुरी २,४०० रुपये होते. ओळींतील अंतर दोन सेंटिमीटर केल्यास टाक्यांचा वेळ निम्मा होतो. म्हणून किंमत ठरविताना केवळ लांबीरुंदी न पाहता टाक्यांची दाटीही पाहिली पाहिजे. यंत्रावर शिवलेली गोधडी कमी वेळात तयार होते. तिच्या किमतीशी हातशिलाईची बरोबरी करणे न्याय्य नाही.

बदललेला काळ

कृत्रिम धाग्यांच्या साड्यांचा प्रसार झाल्यापासून गोधडीचा कच्चा मालच बदलला. नायलॉन व पॉलिएस्टरचे कापड घाम शोषत नाही, सुईखाली सरकते आणि त्याच्या गोधडीस सुताचा मऊपणा येत नाही. त्यातच तयार ब्लँकेटे स्वस्त झाल्याने घरात गोधडी शिवण्याची गरज कमी झाली. नव्या पिढीतील मुलींच्या हाती हे काम आपोआप येईल, अशी स्थिती राहिलेली नाही.

अन्य राज्यांचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. बिहारमधील सुजनी ही गोधडीचीच बहीण. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा परिसरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचे संघटित पुनरुज्जीवन झाले व २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेलाही २००८ मध्ये ते लाभले. घरगुती समजल्या जाणाऱ्या शिवणकामाला बाजारात स्वतःचे नाव मिळू शकते, हे यावरून दिसते.

शाळा आणि ग्रामपंचायत

महाराष्ट्रात १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाद्वारे गावोगावी बचत गट उभे राहिले. गटांच्या वस्तू प्रदर्शनांतून विक्रीस येतात. गोधडी विक्रीस ठेवताना तिच्यासोबत आकार, कापडाचा प्रकार, लागलेले दिवस व मजुरी यांची चिठ्ठी जोडल्यास ग्राहकाला किमतीमागील कारण कळेल. गटानेही प्रत्येक स्त्रीच्या कामाचे तास वहीत नोंदवावेत. नोंद नसलेल्या श्रमांना दर मिळत नाही.

ग्रामपंचायतीने गावातील जाणत्या गोधडीकार स्त्रियांची यादी करून त्यांना तरुण मुलींना शिकविण्याची संधी द्यावी व शिकविण्याचे मानधनही द्यावे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एखादे लहान दुपटे शिवून घेता येईल. त्यातून चौकोन, त्रिकोण, क्षेत्रफळ व वेळेचे गणित एकाच वेळी शिकविता येईल. हे काम मुलामुलींनी मिळून करावे. सुई ही केवळ मुलींची असा समज शाळेतूनच दूर होऊ शकतो.

तयार झालेले दुपटे गावातील अंगणवाडीस दिल्यास त्याचा उपयोगही होईल. मात्र ते देण्यापूर्वी त्यास किती तास लागले, याचा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडावा. जो विद्यार्थी स्वतःच्या हाताने हजार टाके घालील, तो घरातील गोधडीकडे पुन्हा कधी फुकटची वस्तू म्हणून पाहणार नाही.