अट लिहिली, पण तपासली का?

डी.एड.ला आपण संविधान तक्ता शिकलो: कोणत्या उद्दिष्टावर कोणता प्रश्न, किती गुण. सॉफ्टवेअर बनवणारेही असाच तक्ता ठेवतात. एका बाजूला अटी, समोर ती अट पूर्ण करणारा भाग आणि ती तपासणारी चाचणी. रकाना रिकामा दिसला की काम अपुरं.

१९९९ साली नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ हरवलं. यानाला दिलेल्या धक्क्यांचे आकडे न्यूटन-सेकंदात हवेत, ही अट कागदावर होती. पृथ्वीवरच्या एका प्रोग्रॅमने ते पौंड-सेकंदात दिले. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन! २३ सप्टेंबरला यान ठरल्यापेक्षा खूप खालून गेलं नि संपर्क तुटला. अट पाळली गेली का, हे कुणी पडताळलंच नव्हतं.

आपण हसायचं कारण नाही. लोधिवलीत चौथीची चाचणी काढून झाल्यावर मी तक्ता उलटा वाचला, प्रश्नाकडून निष्पत्तीकडे. दोन प्रश्न कोणत्याच निष्पत्तीचे नव्हते. आणि 'अंदाज करून मोजणे' यासमोर प्रश्नच नाही! तरी मी 'मापन येते' असा शेरा देत होते. आता तोंडी विचारते, बादलीत किती तांबे पाणी मावेल? आधी सांगा, मग मोजा. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाचा अंदाज चुकला.