हॅरिएट पॉवर्सच्या दोन गोधड्या

कोठे तिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून त्यांतून धावता दोरा घालावयाचा, ही रीत खेड्यातील मुलांच्या पाहण्यातील आहे. परंतु अशी वस्तू संग्रहालयात काचेआड ठेवतात असे सांगितल्यास वर्ग हसण्याचाच संभव अधिक. तरीही अमेरिकेतील दोन मोठ्या संग्रहालयांनी एका शेतकरी स्त्रीच्या हातच्या दोन गोधड्या मोठ्या काळजीने जतन केल्या आहेत. एक वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात. त्यांची हकीकत इतिहास, भूगोल व हस्तकला या तिन्ही विषयांना धरून सांगता येण्याजोगी आहे.

हॅरिएट पॉवर्स हिचा जन्म १८३७ साली जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावाच्या परिसरात, गुलामगिरीत झाला. हा कापसाचा मुलूख. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांच्या वंशजांकडून तेथे कापूस पिकवून घेतला जाई. यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे हॅरिएट व तिच्या पतीने थोडी जमीन घेऊन स्वतःची शेती केली. ज्या कापसापायी तिचे लोक राबले, त्याच कापसाच्या कापडातून तिने आपली चित्रे कातरली, ही गोष्ट मुलांना अवश्य दाखवून द्यावी.

१८८६ साली अथेन्स येथे कापसाचा मेळा भरला. त्यात तिची गोधडी टांगली होती. माणसे, पशू, पक्षी, तारे असे आकार कापडातून कातरून ते दुसऱ्या कापडावर हाताने व यंत्रानेही टाचलेले होते. एकूण ११ चौकटी. त्यांत बायबलमधील प्रसंग. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली व विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. पुढे दिवस वाईट आले. १८९१ च्या सुमारास ती बैलगाडीतून गोधडी घेऊन स्मिथबाईंच्या दारी आली. तिने १० डॉलर मागितले; बाईंजवळ ५ च होते. पतीच्या सल्ल्याने तिने तेवढ्यावर व्यवहार केला, आणि मागाहून आपली गोधडी पाहावयास ती अनेकदा त्या घरी गेली.

पाच डॉलर ही त्या श्रमांची किंमत नव्हे, हे उघड आहे. पण स्मिथबाईंनी एक काम असे केले की त्याचे मोल पैशात होत नाही. प्रत्येक चौकटीत काय आहे, हे त्यांनी शिवणारीलाच विचारले व लिहून ठेवले. येशूच्या अखेरच्या भोजनात यहूदा इस्कर्योत याचे वस्त्र तेवढे निस्तेज का, हे त्या टिपणामुळेच कळते. दगा देणाऱ्याला तिने मुद्दाम मळकट कापड दिले होते!

दुसरी गोधडी १८९५ ते १८९८ या काळातील असून तिच्यात १५ चौकटी आहेत. तिच्याबरोबरही स्पष्टीकरणे टिपून ठेवलेली मिळाली. ती नसती तर एका चौकटीतील डुकरीण ही केवळ डुकरीणच राहिली असती. ती जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळून गेली, असे टिपणात म्हटले आहे. तीत गुलामांच्या पलायनाची आठवण असावी, असे काही अभ्यासक मानतात. आणखी एका चौकटीत १९ मे १७८० चा ‘काळा दिवस’ आहे. त्या दिवशी भर दुपारी अंधार पडला. वणव्यांचा धूर हे त्याचे कारण होय. तारे गळण्याचे चित्र १३ नोव्हेंबर १८३३ च्या उल्कावर्षावाचे. टेंपल-टटल धूमकेतूच्या धुळीतून पृथ्वी गेली की असा वर्षाव होतो, व सुमारे ३३ वर्षांनी त्याला भर येतो. या दोन्ही घटना हॅरिएटच्या जन्मापूर्वीच्या आहेत. म्हणजे त्या तिने पाहिल्या नव्हत्या, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या. तोंडी चालत आलेला इतिहास कापडावर उतरला तो असा.

हॅरिएट १९१० साली वारली. ती निरक्षर होती, असा समज दीर्घकाळ होता. तिला लिहितावाचता येत होते, हे तिच्या एका पत्रावरून पुढे स्पष्ट झाले. या पत्राची माहिती २००९ साली एका पुस्तकातून प्रसिद्ध झाली. दोन्ही गोधड्या प्रथमच एकत्र मांडल्या गेल्या त्या २०२१ साली, बॉस्टन येथे.

पाठानंतर शाळेत गोधड्यांचे लहानसे प्रदर्शन मांडावे. सुबक गोधडीला बक्षीस देण्याचा मोह होईल, तो आवरावा. मुलांनी आजीजवळ किंवा आईजवळ बसून विचारावे: हे लुगडे कोणाचे, हा काठ कोठून आला, कोणाच्या बाळंतपणासाठी ही शिवली, मधले ठिगळ केव्हा लागले. उत्तरे आजीच्याच बोलीत लिहावीत; शिक्षकांनी ती शुद्ध करू नयेत. कितीतरी संग्रहालयांत जुन्या गोधडीखाली ‘शिवणारी अज्ञात’ एवढीच नोंद आढळते. म्हणून कार्डावर सर्वांत वर शिवणारीचे पूर्ण नाव घालावे, व आणणाऱ्या मुलाचे नाव त्याखाली.