हार्टब्लीडनंतरचे धडे

७ एप्रिल २०१४ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली ‘हार्टब्लीड’ त्रुटी जाहीर झाली. तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर मी सांभाळत होतो.

१. धावपळीआधी त्रुटी समजून घ्यावी. जोडणी जिवंत आहे का, हे तपासायला ‘हार्टबीट’ निरोप असतो. समोरचा थोडा मजकूर पाठवतो, त्याची लांबी सांगतो. सर्व्हरने तेवढंच परत करायचं. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे ओपनएसएसएल पाहतच नव्हतं. एक अक्षर पाठवून चौसष्ट हजार मागितली, तरी शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलून दिलं जाई: पासवर्ड, सेशन कुकी, कधी खुद्द खासगी किल्ली. एका निरोपाला ६४ केबीपर्यंत, आणि निरोप कितीही पाठवा! एन्क्रिप्शनचं गणित शाबूत होतं, सी भाषेतली एक तपासणी राहून गेली होती.

२. लॉग कोरा आहे म्हणून वरिष्ठांना दिलासा देऊ नये. या हल्ल्याची नोंद नेहमीच्या लॉगमध्ये होतच नसे, आणि सदोष १.०.१ आवृत्ती मार्च २०१२पासून वापरात होती. किल्ली गेलीच आहे, असं धरून चालावं.

३. दुरुस्तीचा क्रम मोडू नये. आधी दुरुस्त केलेली १.०.१जी आवृत्ती टाकायची. मग सेवा रीस्टार्ट करायच्या, कारण चालू प्रोसेस जुनीच लायब्ररी धरून बसते. मग नवी किल्ली, नवं प्रमाणपत्र, आणि जुनं रद्द. ग्राहकांचे पासवर्ड सर्वांत शेवटी. ‘पासवर्ड बदला’ अशी मेल ताबडतोब पाठवा, असा आमच्याकडे आग्रह होता. मी ती अडवून धरली; गळक्या सर्व्हरवर टाकलेला नवा पासवर्डही गळतोच. जुन्याच किल्लीवर नवं प्रमाणपत्र घेणारेही तेव्हा हजारोंनी निघाले. ती सगळी मेहनत फुकट.

४. जुनी ०.९.८ आवृत्ती वापरणारे या वेळी वाचले. त्यावरून अपडेट टाळायचं समर्थन करू नये.

५. कोड लिहिणाऱ्याला शिव्या देण्याआधी हिशोब पाहावा. अर्धं इंटरनेट ज्यावर विसंबलं होतं, त्या ओपनएसएसएलसाठी पूर्णवेळ झटणारा माणूस एकच होता आणि वर्षाच्या देणग्या जेमतेम दोन हजार डॉलर. हे वाचून मला फार वाईट वाटलं. लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला, तो त्रुटी उघड झाल्यावर. तेव्हापासून आयटीच्या बजेटमध्ये मी अशा प्रकल्पांसाठी रक्कम मागतो, आणि कात्री लागू लागली की त्या रकमेसाठी भांडतो.