शास्त्र आणि सराव
मुक्ताईनगर हे संत मुक्ताबाईंच्या नावाचे गाव. सापशिडीसारखा 'मोक्षपट' हा खेळ त्यांचे बंधू ज्ञानदेव यांनी रचला, अशी परंपरा आहे. सद्गुण चढवितात, दुर्गुण पाडतात, हे तत्त्व सर्वांस ठाऊक असते. पण पटावर खेळताना ते मनावर ठसते.

खेळ रचणाऱ्यासही शास्त्राबरोबर सराव हवा. १९७२ साली अमेरिकेत अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्यास सरावासाठी 'पाँग' हा पडद्यावरील टेबल टेनिसचा खेळ बनविण्यास सांगण्यात आले. विद्यापीठात शिकलेल्या शास्त्राच्या बळावर त्याने पडद्यावर चेंडू चालविला. परंतु खेळ नीरस वाटला. तेव्हा त्याने फळीचे आठ भाग कल्पिले. चेंडू निरनिराळ्या कोनांतून परतू लागला आणि खेळास रंगत आली. शास्त्राने चेंडू चालला. रंगत मात्र हाताने करून पाहिल्यावरच उमगली.