विंडोजशेजारी उबंटू लावतेयस ना? मग ऐक

अगं, उबंटू लावायचं ठरवलंस हे फार छान केलंस. तुझी कॉलेजची प्रॅक्टिकल्स लिनक्सवर, बाबांची टॅली आणि श्रीलिपी विंडोजवर आणि घरात लॅपटॉप एकच. पण तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. वर्गातला मुलगा ‘अर्ध्या तासात लावून देतो’ म्हणतोय आणि तू शनिवारी लॅपटॉप त्याच्याकडे सोपवणार आहेस. नको गं. त्याला येतही असेल, पण एक क्लिक चुकलं तर बाबांचे हिशेब जातील, तुझी सबमिशन्स जातील, त्याचं काहीच जाणार नाही. हवं तर त्याला शेजारी बसव, माउस मात्र तुझ्याच हातात असू दे. आपल्या डिस्कवर काय कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असावं, म्हणजे पुढे काही अडलं तर कुणाच्या मागे धावावं लागत नाही.

आधी एक विचार कर. नुसत्या टर्मिनलच्या कमांड शिकायच्या आणि सीचे प्रोग्रॅम चालवायचे असतील तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल चालू केलं की भागतं, डिस्कला हात लावायलाच नको. व्हर्च्युअलबॉक्सही आहे, पण आपल्याकडे रॅम ८ जीबी. ती दोघांत वाटली की दोन्ही सिस्टिम रखडत चालतात. तुला रोजच लिनक्सवर बसायचंय म्हणतेस, तर डुअल बूटच बरं, म्हणजे दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी. जी सिस्टिम चालू कराल तिला अख्खी रॅम मिळते.

आता बॅकअप. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घे आणि पेन ड्राइव्हवर नाही, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेव. श्रीलिपीत केलेल्या बाबांच्या जुन्या पत्रिका आणि हँडबिलं युनिकोडमध्ये नाहीत. उबंटूवर उघडल्यास तर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतील. म्हणून फायलींबरोबर ते फॉन्टही कॉपी करून ठेव, आणि बाबांना ‘आता लिनक्सवरच करा’ असा आग्रह करू नकोस. त्यांचं काम विंडोजवरच राहू दे.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक विसरतात. विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा तसलं काही बदललं की निळा स्क्रीन येतो आणि ४८ अंकांची बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. ती की हरवलेली असेल तर डेटा मायक्रोसॉफ्टलासुद्धा काढून देता येत नाही. की असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, पण कुणाच्या? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानात बसूनच खातं उघडलं होतं, ते कोणत्या ईमेलने, हे आधी बाबांना विचार. त्या खात्यात शिरून की शोध आणि कागदावर उतरव. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. तू वाचून दाखव, बाबांना पडताळायला सांग. मगच सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद कर आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांब. त्याला वेळ लागतो, लागू दे.

मग फास्ट स्टार्टअप बंद कर. तो चालू असला की ‘शट डाउन’ म्हटल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपेत राहतं. तशा अवस्थेत उबंटू विंडोजच्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच करतं. हायबरनेशन बंद केलंस की फास्ट स्टार्टअपही बंद होतं आणि जागा मोकळी होते ती वेगळीच.

जागा काढायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, मग ‘श्रिंक व्हॉल्यूम’. उबंटूचं २५ जीबीत भागतं असं म्हणतात, पण तू ८०-१०० दे, पुढे हात आखडता घ्यावा लागणार नाही. मोकळी झालेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ राहू दे, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नकोस. चार्जर लावलेला असू दे आणि ज्या दिवशी वीज जायची असते तो दिवस टाळ.

उबंटूची लाँग टर्म सपोर्टवाली आवृत्ती घे. २४.०४ ही एप्रिल २०२४ मध्ये आली, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. रुफस नावाच्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढव. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा त्यात काही ठेवू नकोस. त्यावरून मशीन सुरू केलंस की लगेच इन्स्टॉल करायची गरज नाही, आधी ‘ट्राय उबंटू’ घे. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतोय का, ब्राइटनेस कमी-जास्त होतोय का, सगळं बघ. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही लावून बघ, तुझा त्यावरच हात बसलाय.

इन्स्टॉल करताना एका स्क्रीनवर डोळ्यांत तेल घालून वाच. तिथे ‘इन्स्टॉल उबंटू अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ असं दिसलं पाहिजे. त्याच यादीत ‘इरेज डिस्क’ असतं, तिकडे जायचंच नाही. ‘अलाँगसाइड’ दिसतच नसेल तर पुढे रेटू नकोस. तिथून निमूट बाहेर पड आणि मला फोन कर. तोवर डिस्कवर काहीही बदललेलं नसतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तरी तेच कर. काही लॅपटॉपमध्ये बायोसमधलं इंटेलचं स्टोरेज सेटिंग आड येतं, आणि ते नुसतं बदललं तर विंडोज उठत नाही. आधी थोडी तयारी लागते, ती आपण मिळून करू.

सगळं नीट झाल्यावर एक गंमत दिसेल, घाबरू नकोस. उबंटूतून विंडोजमध्ये आलीस की रात्रीचे नऊ वाजलेले असताना घड्याळ दुपारचे साडेतीन दाखवेल. मदरबोर्डवरच्या घड्याळात उबंटू जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. बाबांच्या बिलांवर तारखा चुकू नयेत यासाठी हे लगेच सुधार. उबंटूला ‘घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव’ असं सांगणारी एक ओळीची कमांड आहे, ती मी पाठवते.

मशीन सुरू होताना आता ‘उबंटू की विंडोज’ विचारणारा ग्रबचा मेनू येईल. काहीच दाबलं नाही तर थोड्या वेळाने उबंटू उघडतं, आणि बाबा सकाळी सकाळी गोंधळतील. म्हणून डिफॉल्ट विंडोज ठेव. तुला उबंटू हवं असेल तेव्हा बाण दाबायला तुला काय लागतं? बाबांना एकदा शेजारी बसवून त्यांच्याच हाताने मशीन सुरू करायला लाव.

आणि तो पेन ड्राइव्ह पुसू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांच्या डुअल बूट मशीनवर लिनक्स उठेनासं झालं होतं. अशा वेळी त्याच ड्राइव्हवरून शिरून दुरुस्ती करता येते. पुढे कधी उबंटू काढायचं झालं तर आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आण, विंडोज सरळ उघडतंय याची खात्री कर आणि मगच उबंटूचं पार्टिशन पूस.

शनिवारचं त्या मुलाला आजच कळव. बाबांकडून ईमेलचं कळलं की मला मेसेज टाक, रविवारी मी मोकळी आहे, व्हिडिओ कॉलवर बसते.